पडशाचा मान

पडशाला आमच्या घरात कधी आजाराचा दर्जा मिळाला नाही. गोवर आला की दाराला लिंबाचे ढाळे बांधायचे, कावीळ झाली की शेजारणी पथ्य सांगायला यायच्या, साधा ताप आला तरी शाळेत चिठ्ठी जायची. पडसं झालं तर नाक पुसायचं आणि दप्तर उचलायचं. "शिंका येतात म्हणून कुणी शाळा बुडवतं का?" या प्रश्नाला वाईच्या आमच्या आळीत उत्तर नव्हतं. थंडीत कृष्णेवरून धुकं चढून यायचं आणि निम्मा वर्ग बाईंच्या शिकवण्याला नाकाने साथ द्यायचा.

उपचार सगळे व्हायचे, फक्त विश्रांती त्यात धरलेली नसायची. तव्यावर ओवा भाजायचा, तडतडायला लागला की फडक्यात बांधून त्याची पुरचुंडी नाकाशी धरायची. ती इतकी तापलेली असे की आधी बोटं भाजत, मग नाक मोकळं होई. कपाळावर वेखंडाचा लेप, रात्री हळदीचं दूध, आणि आजीच्या उशाशी अमृतांजनची बाटली. तळाशी राहिलेला पिवळा बाम करंगळीला लागेनासा झाला की आजी अंबाड्यातला आकडा काढून त्याच्या टोकाने खरवडायची, आणि मग तोच आकडा पुन्हा अंबाड्यात. आजीच्या केसांना कायम त्या बामाचा वास यायचा.

आईला मात्र पडसं झालेलं कुणाला आठवत नाही. होत असणारच. भाकरी थापताना शिंक आली की ती मान वळवून खांद्यावर शिंकायची, कारण दोन्ही हात पिठात. मग दंडाने नाक पुसायचं आणि भाकरी तव्यावर टाकायची. कोविडच्या काळात कोपरात शिंकायला शिका म्हणून फलक लागले, तेव्हा मला आईचा खांदा आठवला. तिला ते कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या पडशाने भाकऱ्यांचा आकडा कधी एकाने खाली आला नाही, आणि आमच्यातल्या कुणाला तो यावा असं वाटलंही नाही.

पुढे मी बँकेत लागले. काउंटरच्या काचेला खाली जी फट असते, तिच्यातून नोटा येतात आणि नोटांबरोबर अख्ख्या गावाचं पडसं येतं. तिथेही नियम घरचाच होता: पडशासाठी सीएल वाया घालवायची नसते. लग्न झालं, मूल झालं. पाळणाघरातून लेक दर पंधरवड्याला नवं नाक घेऊन यायची. त्यात तिची काही चूक नव्हती. पडसं आणणाऱ्या विषाणूंत सगळ्यात जास्त आढळणारा ऱ्हायनोव्हायरस, आणि त्याचेच दीडशेच्या वर प्रकार आहेत. एकाशी शरीराची ओळख झाली तरी दुसऱ्याला ते दारातच अडवू शकत नाही. हे सगळे प्रकार आमच्या घरात हजेरी लावून गेले असावेत. मी गोळी घेऊन कामाला जायची. त्या गोळीत नाक सुकवणाऱ्या औषधाच्या जोडीला बहुतेक वेळा झोप आणणारंही एखादं औषध असतं. पेंगुळल्या डोळ्यांनी रोख जुळवणं ही एक वेगळीच कसरत आहे.

चाळिशी उलटल्यावर मी पळायला लागले. माहेरी सगळ्यांना साखर, तेव्हा सुरुवात भीतीपोटी झाली. नंतर गोडी लागली. दहा किलोमीटर, एकवीस, मग जानेवारीतली मुंबईची पूर्ण मॅरेथॉन. पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय संपत आलेले असताना येतो, तोही एकदा चढून झाला. आणि मग पळण्याच्या गटातल्या कुणीतरी कॉम्रेड्सचं नाव काढलं. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन शहरांमधली ही शर्यत 1921 पासून चालू आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या विक क्लॅपहॅम यांनी मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी ती सुरू केली. एका वर्षी चढती, एका वर्षी उतरती. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास, मुदत बारा तास. पुण्या-मुंबईतून आता पुष्कळ मंडळी तिथे जातात. मी नाव घातलं.

सरावाला लागल्यावर आमच्या सरांनी एक वही ठेवायला लावली. त्यात अंतर, वेळ, झोप, सकाळी उठल्याउठल्या मोजलेली नाडी आणि शेवटच्या रकान्यात 'घसा'. सर दर रविवारी बोपदेव घाटाच्या पायथ्याशी प्रत्येकाला विचारत, "घसा कसा आहे?" हा प्रश्न मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी उत्तराची वाट बघत विचारत होतं. आधी मला हसू आलं. मग पाहिलं तर आजूबाजूला चांगली थोराड माणसं, कुणी सर्जन, कुणी कारखानदार, गंभीर चेहऱ्याने आपल्या शेंबडाचा रंग सांगत होती.

या जगात पडशाचं शास्त्र आहे. रँडी आयकनर या अमेरिकन डॉक्टरांनी 1993 साली मानेचा नियम सांगितला, तो लांब पळणाऱ्यांना पाढ्यासारखा पाठ असतो. लक्षणं मानेच्या वर असतील, म्हणजे नाक वाहतंय, शिंका येताहेत, घसा जरासा खवखवतोय, तर हळूहळू दहा मिनिटं पळून पाहा. बरं वाटलं तर पुढे जा. मानेच्या खाली असतील, म्हणजे ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, तर घरी बसा. यातला दुसरा भाग हसण्यावारी न्यायचा नाही. काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतात, आणि अंगात ताप असताना दामटून पळणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. पहिल्या भागाला आधार मिळाला तो असा: 1998 साली अमेरिकेत काही विद्यार्थ्यांच्या नाकात मुद्दाम ऱ्हायनोव्हायरस सोडला, निम्म्याहून अधिक जणांना व्यायामाला लावलं, बाकीच्यांना बसवून ठेवलं. दोन्ही गटांचं पडसं सारखंच टिकलं. म्हणजे व्यायामाने ते वाढलं नाही, आणि घाम गाळून ते निघूनही गेलं नाही. "घाम काढ, उतरेल" म्हणणाऱ्या गटातल्या एका काकांना मी हे सांगितलं. त्यांना पटलं नाही.

भिजलं की पडसं होतं, या आईच्या म्हणण्याचंही तसंच. इंग्लंडात सॉल्झबरीजवळ 1946 पासून चार दशकांहून जास्त काळ निव्वळ पडशाचा अभ्यास करणारं केंद्र होतं. लोक तिथे हौसेने जायचे. राहणं-जेवण फुकट, मोकळ्या रानात फिरायला मुभा, फक्त इतरांपासून लांब राहायचं आणि नाकात थेंब घालून घ्यायचे. तिथे काहींना ओलंचिंब करून गार वाऱ्यात उभं केलं, तरी त्यांना पडसं जास्त झालं नाही. झालं, आई खोटी ठरली असं वाटेपर्यंत 2005 साली कार्डिफमध्ये 90 जणांचे पाय वीस मिनिटं गार पाण्यात बुडवले आणि 90 जणांचे कोरडे ठेवले. पुढच्या चार-पाच दिवसांत बुडवलेल्यांपैकी 13 जणांनी पडसं झाल्याचं सांगितलं, कोरड्यांपैकी 5 जणांनी. पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर बूट पचपच करायला लागले की मी या दोन्ही प्रयोगांचा विचार करते आणि घरी गेल्यावर आधी मोजे काढते.

माझं मोठं पडसं आलं ते एप्रिलच्या सुरुवातीला. त्याला कारणही तसंच होतं. कॉम्रेड्सच्या सरावाचे सगळ्यात जड आठवडे मार्च-एप्रिलमध्ये येतात आणि बँकवाल्यांचा मार्चएंडही तेव्हाच. पहाटे पळायचं, रात्री दहाला घरी. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांच्या नाकात विषाणू सोडला तर पडसं होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट, असं 2015 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं. मला अभ्यासाची गरज नव्हती. वहीतला झोपेचा रकाना पुरेसा बोलका होता. सकाळची नाडी नेहमीपेक्षा चढी, घशात काटे, दुपारपर्यंत अंग मोडून आलं. काटे मानेच्या खाली उतरले होते.

आणि घरात अजब घडलं. नवऱ्याने सकाळचा चहा केला. लेकीने आलं, गवती चहा, मिरी घालून काढा उकळला. सासूबाई, ज्यांनी स्वतः आयुष्यभर पडसं अंगावर काढलं, त्यांनी मला ओट्याजवळ येऊ दिलं नाही. "तू पड. तुझी शर्यत आहे." दुपारी तीन वाजता, कामाच्या दिवशी, मी पांघरूण घेऊन निजले होते आणि घर आपलं आपण चाललं होतं. इतकी वर्षं पडसं मलाच व्हायचं, नाक माझंच वाहायचं, पण हे कधी घडलं नव्हतं. आत्ताही मला बरं नाही म्हणून कुणी उठलं नव्हतं. नव्वद किलोमीटरला बरं नव्हतं, म्हणून उठले होते. मला राग यायला हवा होता. पण काढा गरम होता आणि डोळे मिटत होते.

ताप उतरल्यावर लगेच सुटायचं नाही, हे सरांनी बजावलं होतं. आधी चालणं, मग सावकाश पळणं, लांबचा पल्ला सगळ्यात शेवटी. गेलेले किलोमीटर भरून काढायचे नाहीत. बँकेत हयात गेलेल्या बाईला तूट तशीच पुढे ओढायची म्हणजे अवघडच.

गोळ्यांनाही खेळांच्या जगात वेगळा हिशेब. 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अँड्रिया रादुकान या सोळा वर्षांच्या रुमेनियन मुलीने जिम्नॅस्टिक्सचं सुवर्णपदक जिंकलं आणि ते काढून घेतलं गेलं, कारण संघाच्या डॉक्टरांनी तिला पडशाची गोळी दिली होती आणि त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन होतं. माझं पदक काढून घ्यायला कुणी येणार नव्हतं. तरीही पाकिटामागची बारीक अक्षरं भिंगातून वाचायची सवय लागली.

जूनमध्ये पुण्याला पहिल्या सरीत सोडून आम्ही तिकडच्या हिवाळ्यात उतरलो. विमानात मागच्या रांगेत कुणीतरी रात्रभर खोकत होतं आणि गटातले सगळे तोंडावर मास्क बांधून लग्नघरी सुतक लागल्यासारखे बसले होते. त्या वर्षी शर्यत उतरती होती, म्हणजे सुरुवात पीटरमॅरिट्झबर्गच्या नगरभवनासमोर, पहाटेच्या अंधारात. गारठा हाडात शिरणारा. प्रत्येकाच्या अंगावर टाकून द्यायचा जुना स्वेटर. याच गावच्या स्टेशनवर 1893 च्या 7 जूनला गांधींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं होतं. त्यांचा ओव्हरकोट सामानात होता, सामान रेल्वेवाल्यांच्या ताब्यात. पुन्हा अपमान होईल म्हणून त्यांनी तो मागितला नाही आणि रात्रभर कुडकुडत बसले. त्याच वर्षी इकडे मुंबईत नागेश्वर राव अमृतांजन विकायला लागले होते. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पण दात वाजत असताना डोक्यात असंच काहीतरी येतं.

बारा तास पूर्ण होताना शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर एक अधिकारी पळणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक उडवतो. त्यानंतर एक पाऊल उशिरा आलेलाही बाद. मी आवाज ऐकला तेव्हा पलीकडे गवतावर बसले होते.

पडसं परतीच्या विमानात सुरू झालं. त्यालाही शास्त्र आहे, आणि तेही त्याच देशातलं. ईडिथ पीटर्स यांनी 1982 साली केपटाउनच्या 56 किलोमीटरच्या शर्यतीतले 150 धावपटू पाहिले: नंतरच्या दोन आठवड्यांत 33.3 टक्के जणांना नाका-घशाची लक्षणं, न पळणाऱ्यांत 15.3 टक्के. जे जास्त वेगाने पळाले त्यांच्यात प्रमाण अधिक. (माझा वेग पाहता मी सुटायला हवी होते.) पुढे 1993 साली त्यांनी नव्वद किलोमीटर पळणाऱ्यांवरचा अभ्यास छापला. रोज 600 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व घेणाऱ्यांत 33 टक्के जणांना त्रास झाला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत 68 टक्के. एरवीच्या चालत्याफिरत्या माणसांचं पडसं मात्र क जीवनसत्त्वाने टळत नाही, असं नंतरचे अभ्यास सांगतात. शिवाय शर्यतीनंतरचा प्रत्येक बसलेला घसा विषाणूचाच असतो असंही नाही. तासन्‌तास तोंडाने ओढलेल्या कोरड्या हवेनेही तो सोलवटतो. माझा घसा विषाणूचाच होता, कारण दोन दिवसांत तो लेकीकडेही गेला.

घरी पदक सगळ्यांनी हातात घेऊन पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सलग शिंकत बाहेर आले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता काय झालं? संपली ना शर्यत?" पोळ्यांची कणीक भिजवायची होती. मी भिजवली.

पुढच्या उन्हाळ्यात वाईला फोन केला तर आईचा आवाज पार बसलेला. अंग दुखतंय का, छातीत कफ आहे का, मी सरांच्या चालीवर विचारत गेले. सगळ्याला हो. म्हटलं, "आई, आज काही करू नकोस, पडून राहा." ती म्हणाली, "गहू भिजत घातलेत तीन दिवस. आज चीक काढायचाय. आणि मी पडून राहू कशाला, मला कुठं शर्यत पळायचीय?"

मी भावाला फोन लावला. त्याला सांगितलं, आईने कॉम्रेड्सला नाव घातलंय असं समज आणि चीक तू काढ. तो आधी हसला. मग बायकोला विचारून विचारून त्याने गहू वाटले, गाळले, चीक शिजवला, सोऱ्याने कुरडया घातल्या. आई दोन दिवस खाटेवर पडून सूचना देत होती. त्या कुरडया तळल्यावर फुलत नाहीत. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या वाढते आणि लेकाने केल्यात म्हणून सांगते.