मणभर दुधाचा हिशेब

दीर्घ संसारानंतर मागे राहिलेल्या माणसाच्या आठवणींवर ‘मेल्या म्हशीला मणभर दूध’ ही म्हण हमखास लावली जाते. वरणात गूळ कमी पडला म्हणून ताट सरकवणारा नवरा वारला, की तीच गोष्ट ‘ह्यांच्या जिभेला चव फार’ अशी कौतुकाने सांगितली जाते आणि सुना एकमेकींकडे बघतात. गेलेल्याचे मोल फुगते, असा म्हणीचा आरोप. तो कितपत खरा, हे मण कोणता धरायचा यावर आहे. 1833 पासूनचा प्रमाण मण 37 किलोंच्या वर भरतो. दिवसाला एवढे दूध देणारी म्हैस सहसा कोणी पाहिलेली नसते. जुना मुंबई मण मात्र 28 पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंच्या आतला. चांगली मुऱ्हा म्हैस दोन्ही वेळचे मिळून तेवढे देते. म्हण करणाऱ्याने इतका कीस काढला नसणार. पण या मणाने मोजले तर कौतुक खोटे ठरत नाही.

छापील आठवणींतही मापे सारखी नाहीत. रमाबाई रानड्यांचे लग्न 1873चे. पती न्यायमूर्ती रानडे 1901 मध्ये गेले, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे रमाबाईंचे पुस्तक 1910 मध्ये निघाले. त्यातला नवरा बहुधा बरोबरच असतो. तरीही विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता पहिली पत्नी गेल्यावर वडिलांच्या हट्टापुढे नमला आणि अकरा वर्षांच्या मुलीशी बोहल्यावर चढला, हे भक्तीने लिहिलेल्या त्या पुस्तकातूनही लपत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची तऱ्हा निराळी. लग्न 1880चे, पती टिळक 1919 मध्ये गेले, लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934चा. टिळकांचा तापटपणा, विसरभोळेपणा, घरात चणचण असताना हातचे देऊन टाकण्याची खोड, 1895 च्या धर्मांतरानंतरची काही वर्षांची ताटातूट, सगळे उघड्यावर. हे माप चोख, असे वाटते खरे. पण तो संताप पुस्तकात हसू आणतो. सोसताना तो हसण्याजोगा होता का? दोष न लपवणारी बाई हसून त्यांचे वजन कमी करत असेल, तर म्हण तिलाही लागू पडते. किंवा उलट: रोजच्या कटकटीत संसार चालू असतानाच माप कमी भरत होते आणि पंधरा वर्षांनी ते पुरे झाले. दोन्ही वाचने त्याच पानांवर टिकतात. रमाबाईंची भक्ती आणि लक्ष्मीबाईंचे हसू यांत अधिक खरे कोणते, तेही मग सांगता येत नाही.

टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे लिहायला घेतले. त्या महाकाव्याचा बहुतेक भाग त्यांचाच आहे.