ढिगाऱ्यातला श्वास

कहाणी सुफळ संपूर्ण झाली की श्रोत्याने हात जोडून उठावे, अशी आपल्याकडची रीत. पण काही गोष्टी संपतात आणि श्रोते मात्र बसूनच राहतात. ‘मास इफेक्ट’ या संगणकावरील विज्ञानखेळाचे असेच झाले.

कॅनडातील ‘बायोवेअर’ने ही कथा २००७, २०१० आणि २०१२ अशा तीन भागांत सांगितली. दर पन्नास हजार वर्षांनी ‘रीपर’ नावाची महाकाय यंत्रे येतात आणि प्रगत संस्कृती पुसून टाकतात. त्यांच्यासमोर उभा ठाकतो कमांडर शेपर्ड. ‘उभा’ की ‘उभी’, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. शेवटी लंडनमध्ये रीपरच्या किरणाने शेपर्ड कोसळतो, तरी उठून अंतराळस्थानकात पोहोचतो. तेथे तीन मार्ग असतात: यंत्रांचा नाश, त्यांच्यावर ताबा किंवा यंत्र व जीव यांचे एकीकरण. नाश निवडला आणि पुरेसे बळ जमवलेले असले, तर अखेरीस एक ढिगारा दिसतो. त्यात चिलखतातली छाती, आणि एक श्वास. बस्स, खेळ खलास!

हा श्वास कुणाचा? स्थानक फुटले, मग ढिगारा कुठला?

तिन्ही शेवट जवळजवळ सारखेच म्हणून चाहते संतापले. काहींनी तीन रंगांचे चारशे कपकेक ‘बायोवेअर’ला धाडले, रंग निरनिराळे, चव मात्र एकच! पण मला त्या रागापेक्षा काहींची चिकाटी मोठी वाटते. त्यांनी खेळ पुन्हा तपासला. रीपर माणसाचे मन हळूहळू भारून टाकतात, हे कथेतच सांगितलेले. मग सुरुवातीचा तो लहान मुलगा शेपर्डखेरीज कुणाला दिसतो का? स्वप्नांतल्या काळ्या सावल्या कशाच्या? गोळी अँडरसनला लागली, तर रक्त शेपर्डच्या कुशीतून का? त्यांनी निष्कर्ष काढला की किरण लागल्यानंतरचे सारे शेपर्डच्या मनातले युद्ध आहे. नाश निवडणारा जिंकतो, आणि लंडनच्या ढिगाऱ्यात जागा होतो.

जून २०१२ मध्ये ‘बायोवेअर’ने वाढीव शेवट विनामूल्य दिला. त्यात निवडीचे परिणाम खरोखर घडलेले दाखवले. म्हणजे तर्क लटका पडला. खरे तर त्यात एक दुबळेपणा होताच: बंदुकीतल्या गोळ्या संपत नाहीत, यासारखी कारागिराची ढिलाईसुद्धा त्यांनी पुरावा म्हणून जमा केली होती. प्रेमापोटी त्यांनी लेखकाला होता त्याहून शहाणा ठरवले.

तरीही त्यांचे श्रम वाया गेले, असे मी म्हणणार नाही. आम्ही विद्यार्थी कादंबरी वाचतो ती बहुधा गाइडमधल्या उत्तरासाठी. शेवटचा अर्थ कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो. आम्ही तो पाठ करतो. या लोकांना ना गुण मिळायचे होते, ना पदवी. तरी त्यांनी एकेक सावली, एकेक जखम पारखली. वाचन म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

वाढीव शेवटाने पुष्कळ गाठी सोडवल्या, पण श्वास मात्र तसाच ठेवला. डिसेंबर २०२० मध्ये पुढच्या भागाची झलक आली. तीत शेपर्डची जुनी सहकारी लियारा बर्फातून चिलखताचा एक तुकडा उचलते, आणि हसते. का हसते, ते सांगितलेले नाही. चाहते पुन्हा कामाला लागले आहेत!