आधी दाराशी बघा

दिवाळीच्या आधीचा महिना रंगाच्या व्यापाऱ्यांचा. थिनर, टर्पेंटाइन, व्हार्निश यांनी गोदामं गच्च भरतात आणि नेमकी तेव्हाच आम्हा अग्निसुरक्षावाल्यांना तपासणीची बोलावणी येतात. मालक कौतुकाने भिंतीवरची लाल सिलिंडरं दाखवतो. माझी नजर मात्र दाराच्या उंबरठ्यावर असते.

पेट्रोलियम नियम, 2002 प्रमाणे अशा गोदामाला 30 सेंटिमीटरचा उंबरठा लागतो, नाहीतर आतली जमीन तेवढी खोल घ्यावी लागते. पिंप फुटलं तरी माल आतच राहावा, एवढाच हेतू. एका गोदामात हा उंबरठा छिन्नीने फोडून सपाट केलेला होता, कारण हातगाडी अडत होती. उंबरठा ठेवून दोन्ही बाजूंनी उतार करता येतो. खर्च सिमेंटच्या दोन-चार गोण्यांचा.

त्याच गोदामात जमिनीलगतचे झरोके आतून गिलावा करून बुजवलेले. का, तर उंदीर येतात! पण जळतो तो द्रव नव्हे, त्याची वाफ. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड. ती वर जात नाही, फरशीवरून सरपटते आणि लांबच्या एखाद्या स्विचपाशी पेट घेते. म्हणून झरोके छताशी हवेत तसे खालीही हवेतच, आणि त्यांवर गंज न धरणाऱ्या तारेची बारीक जाळी दुहेरी, सेंटिमीटरला किमान 11 घरांची. धातू ज्वाळेची उष्णता शोषून घेतो आणि ज्वाळा जाळीपार जात नाही. हम्फ्री डेव्हीने 1815 मध्ये खाणकामगारांचा दिवा केला तो याच तत्त्वावर. उंदीर अडतो तो वर फुकटात.

द्रवाची वाफ किती तापमानाला पेट घेण्याइतकी होते, तो त्याचा फ्लॅश पॉइंट. 23 अंशांच्या खाली असेल तर माल ‘ए’ वर्गात, 23 ते 65 ‘बी’ वर्गात. विक्रीसाठी नसलेला ‘ए’ माल 30 लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतो. ‘बी’ला मुभा 2,500 लिटरची. मिनरल टर्पेंटाइन ‘बी’मध्ये बसतं, त्यामुळे व्यापारी निर्धास्त. पण त्याचा फ्लॅश पॉइंट पस्तीस-चाळीसच्या घरात. मे महिन्यात जळगावला पत्र्याच्या शेडमध्ये पारा त्याच्याही वर जातो. तेव्हा तो ‘बी’ माल ‘ए’सारखाच वागतो. कायद्याने वर्ग ठरवले, शेडचं ऊन काही मोजलं नाही.

जयपूरच्या सीतापुरा भागातल्या तेलडेपोत 29 ऑक्टोबर 2009 ला उंबरठा निकामी होऊन वाफ पसरण्याची गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. टाकीभोवती गळती अडवणारा बंधारा होता, पण पावसाचं पाणी काढायचा त्याचा व्हॉल्व्ह उघडा होता. पेट्रोल तासाहून अधिक वेळ वाहत राहिलं, वाफेचा ढग आवारभर पसरला आणि स्फोट झाला. अकरा माणसं गेली. त्या डेपोतला उंबरठा म्हणजे तो बंधारा.

अर्थिंगबद्दल मात्र मी हट्टी आहे. थिनर पिंपातून डब्यात ओतताना स्थिर वीज साठते. एक ठिणगी पुरते. म्हणून पिंप आणि डबा वायरने जोडायचे, पिंपाला अर्थिंग द्यायचं. बऱ्याच ठिकाणी वायर असते, क्लिपही असते, पण ती पिंपाच्या रंगावर लावलेली. रंगातून वीज जात नाही. खिशातली कानस काढून तेवढा रंग खरवडतो, क्लिपचे दात उघड्या लोखंडात बसवतो आणि मगच लाल सिलिंडरांकडे वळतो.