अचलपूरचे मुके स्टेशन

अचलपूर म्हटले की इमादशाहीची जुनी राजधानी, शाह दूल्हा रहमान यांची दर्गाह आणि हौज कटोरा आठवतो. आम्ही मात्र यावेळी तिथले रेल्वे स्टेशन पाहायला गेलो. रुळांत गवत माजलेले, तिकिटाची खिडकी बंद. मूर्तिजापूरहून येणारी ‘शकुंतला’ इथे येऊन थांबायची. आता ती येत नाही.

ही गाडी माणसांसाठी आलीच नव्हती. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरावर आणि तिथून मँचेस्टरला न्यायचा, म्हणून किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने गेल्या शतकाच्या आरंभी हे अडीच फुटी रूळ टाकले. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला 113 किलोमीटर, दुसरा अचलपूरला सुमारे 76 किलोमीटर. पुढे 1921 साली बनलेले वाफेचे इंजिनही मँचेस्टरहूनच आले. ते 1994 पर्यंत राबले. मग डिझेल इंजिन आले.

कापूस ट्रकवर गेला, पण गाडी गरिबांनी आपली केली. लाखपुरी, बनोसा, अंजनगाव, पथ्रोट अशा ठिकाणांहून मजूर, भाजीवाल्या, माहेरवाशिणी बोचकी घेऊन चढत. वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास. तरी एसटीच्या मानाने भाडे अगदी थोडे. ज्याच्या खिशात पैसा कमी, त्याला वेळ खर्च करणे परवडते.

मग ती बंद का पडली? स्वातंत्र्यानंतर देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या. हा मार्ग मात्र खाजगी कंपनीच्याच नावावर राहिला. गाडी रेल्वे चालवी आणि कंपनीला मोबदला देई. मालक एक, चालवणारा दुसरा. रूळ कुणी दुरुस्त करायचे? रूळ झिजत गेले आणि आधी यवतमाळची, मग अचलपूरची गाडी थांबली. 2016 साली ब्रॉडगेजची घोषणा झाली. त्यासाठी अचलपूरकरांनी आंदोलनेही केली. पण या स्टेशनात अजून गाडी आलेली नाही.

वाचकहो, जुने इंजिन जपावे, इमारत राखावी, हे खरेच. पण आमच्या मते खरा प्रश्न वारशाचा नाही, भाड्याचा आहे. परक्या व्यापाऱ्याच्या कापसासाठी शंभर वर्षांपूर्वी इथवर रूळ येऊ शकले. मग आपल्याच मजुरासाठी, बाजाराला निघालेल्या बाईसाठी ते का येऊ नयेत? तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी या गाडीने प्रवास केला असेल, तर त्यांना विचारा आणि त्यांचे बोल लिहून ठेवा. मागणी करताना ते कामी येतील.