भ्रूणाचे वळण

उजव्या हाताला कंप सुटल्यापासून छेदांची पट्टी कुंचल्याच्या टोकाने उचलून कोमट पाण्यावर सोडण्याचे काम मी माझ्या एका विद्यार्थिनीकडे सोपवले आहे; आणि ज्या कामाला दुसऱ्या कोणाचा हात लागू नये असा माझा वर्षानुवर्षे हट्ट होता ते शेजारी बसून नुसते पाहत असताना, हातांच्या कसबाशी काडीचाही संबंध नसलेली जी एक अडचण मला आयुष्यभर छळत आली, ती पुन्हा डोके वर काढते. ती अडचण भ्रूणाच्या वळणाची आहे.

मायक्रोटोमवर बसलेल्यांना फोड करून सांगण्याचे कारण नाही. छेदांच्या आकृती प्रमाणात मोठ्या करून मेणाच्या पत्र्यांवर कापाव्यात आणि पत्रे अनुक्रमाने रचून हृदय, यकृत, मज्जानलिका हाती घ्यावी, ही गुस्ताव्ह बॉर्न यांची १८८३ ची रीत. परंतु दर पत्रा मागच्यापेक्षा किती पुढे सरकवावा, हे कोणताही छेद आपण होऊन सांगत नाही. पाचव्या आठवड्यातला भ्रूण कपाळ छातीशी आणि शेपूट पोटाशी घेऊन वळलेला असतो. शेजारचे छेद एकमेकांशी जास्तीत जास्त जुळवीत गेले, की पायरीपायरीने ते वळण निसटते आणि शेवटी उभा राहतो तो पाठ सरळ केलेला, कोणत्याही गर्भाशयात कधी नसलेला जीव. सगळे पत्रे बरोबर आणि आकृती खोटी, असा हा विलक्षण प्रकार आहे.

त्यात आमचा अकोल्याचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला म्हणजे पॅराफिन मऊ पडते आणि पात्याच्या दिशेने प्रत्येक छेद दबून आखूड होतो. म्हणून पहाटे, उजाडण्यापूर्वी, ठोकळा बर्फावर धरून कापायचा आणि ऊन चढले की पाते पुसून ठेवायचे, असा माझा शिरस्ता होता. दबलेला छेद कोमट पाण्यावर बराचसा सैल होतो; हरवलेले वळण मात्र कोणत्याही पाण्यावर परत येत नाही.

कोंबडीच्या आणि शेळीच्या भ्रूणांवर मी हा प्रश्न सोडवला होता, कारण कापण्यापूर्वी त्यांचे बाजूने चित्र काढून ठेवता येत होते. लाइप्झिगच्या विल्हेल्म हिस यांची शिस्त तीच होती, आणि हेकेलच्या भ्रूणचित्रांवर १८७४ मध्ये त्यांनी खोटेपणाचा जो आरोप ठेवला तो त्याच शिस्तीला शोभणारा होता, असे माझे आजही मत आहे. माझ्याकडे असलेल्या एका जुन्या लाकडी पेटीत मात्र मानवी भ्रूणाचे छेद आहेत आणि चित्र नाही. त्याची अवस्था मला ठाऊक आहे: भिंगाचा खळगा अजून मिटलेला नाही, त्याचे तोंड एका छेदात स्पष्ट उघडे दिसते, हाताची कळी निमुळती होऊ लागली आहे, पंजाचे चिन्ह नाही, म्हणजे कार्नेगी क्रमातली चौदावी अवस्था, गर्भधारणेनंतरचे साधारण बत्तीस दिवस. काही छेदांत मज्जानलिका दोनदा येते, एकदा डोक्याची आणि एकदा धडाची, कारण वळलेल्या देहाला पाते दोन ठिकाणी भेटते. त्या दोहोंमधले अंतर हा एवढाच काय तो पक्का पुरावा. त्यावर मी किती रात्री घालवल्या! पण संपूर्ण रासच तिरकी कलली तरी ते अंतर तक्रार करीत नाही, हे मला फार उशिरा उमगले.

बाल्टिमोरमध्ये हा प्रश्न दप्तराच्या शिस्तीने सोडवला गेला. हिस यांचे शिष्य फ्रँकलिन मॉल यांनी १८८७ पासून भ्रूण जमवले, पुढे कार्नेगी संस्थेच्या आश्रयाने त्यांचा मोठा संग्रह झाला, ऑस्बोर्न हर्ड यांनी त्यावरून शेकडो प्रतिकृती घडवल्या, आणि १९४२ पासून जॉर्ज स्ट्रीटर यांनी भूगर्भशास्त्रातली ‘क्षितिजे’ उसनी घेऊन त्यांची प्रतवारी मांडली; तिच्या आजच्या तेवीस अवस्था ओराहिली आणि म्युलर यांनी पक्क्या केल्या. वय नव्हे, लांबीही नव्हे, तर देहात काय घडले आहे ते पाहून अवस्था ठरवायची, हा त्या प्रतवारीचा गाभा मला अत्यंत आदरणीय वाटतो. त्या मानाने आजकाल महाविद्यालयांच्या कपाटांत येणाऱ्या गुलाबी प्लास्टिकच्या प्रतिकृती मला बघवत नाहीत. त्यांचा भ्रूण म्हणजे लहान केलेले बाळ; घडणाऱ्याची मोडतोड, अर्धवटपणा, कल्ल्यांसारख्या कमानी, काहीही त्यात उरलेले नसते.

आणि क्योटो! तिथल्या विद्यापीठात हिदेओ निशिमुरा यांनी १९६१ पासून उभारलेल्या संग्रहात चाळीस हजारांहून अधिक नमुने आहेत, आणि त्यांतल्या सुमारे बाराशे भ्रूणांचे चुंबकीय प्रतिमाचित्रण पाते न लावता झाले आहे. वळण जिथल्या तिथे. विद्यार्थिनीने ती चित्रे संगणकावर दाखवली तेव्हा मला प्रथम वाटला तो मत्सर. ज्या प्रश्नासाठी माझी दृष्टी आणि हात झिजले, तो त्यांना पडलाच नव्हता. माझ्या मेणाच्या प्रतिकृतींच्या पायथ्याशी मी माझे नाव कोरीत असे, आणि प्रथम वर्षाची मुले कपाटाशी थबकली म्हणजे त्यांनी ते नाव वाचावे म्हणून मुद्दाम तिथे रेंगाळत असे. हे लिहून ठेवायला मला आता संकोच वाटत नाही.

विद्यार्थिनीने त्याच दिवशी पेटीकडे पाहून विचारले, “मॅडम, ही कोणाची?” तिचा रोख पेटीतले छेद कापणाऱ्याकडे नव्हता, ज्या स्त्रीच्या पोटातला तो भ्रूण होता तिच्याकडे होता. मी इतकी वर्षे पाठीचे वळण शोधले. हे विचारले नाही. मोठ्या संग्रहांतही हेच आहे. बॉस्टनजवळ हर्टिग आणि रॉक यांनी १९३८ नंतर गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांतून अगदी आरंभीचे चौतीस भ्रूण मिळवले. जगभरची पाठ्यपुस्तके त्यांवर उभी आहेत. भ्रूणांना क्रमांक आहेत, त्या स्त्रियांची नावे पाठ्यपुस्तकांत नाहीत. आज जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे असा गर्भ पिवळ्या पिशवीत जातो. ते योग्यच आहे, पण त्यामुळे जे जुने उरले आहे त्याची जोखीम वाढली आहे.

म्हणून वऱ्हाडातल्या आणि नागपुराकडच्या शरीररचना विभागांतल्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे: जुन्या काचपट्ट्यांच्या पेट्या आणि बरण्या निर्लेखनाच्या यादीत घालण्यापूर्वी त्यांची नोंदवही शोधा, मिळालेला प्रत्येक तपशील नमुन्याबरोबर ठेवा, आणि आपल्याकडे न कापलेला एखादा भ्रूण असेल तर त्याला पाते लावू नका, मोजपट्टी शेजारी ठेवून त्याचे बाजूने छायाचित्र घ्या आणि तो तसाच राहू द्या.