घरच्या ओढ्यातले सोने

रांचीहून जमशेदपूरकडे जाणारा हमरस्ता बुंडूच्या पुढे उतरू लागला, की दोन्ही बाजूंची साल वृक्षांची दाटी थोडी विरळ होते आणि भातकापणी झालेली पायऱ्यापायऱ्यांची शेते दिसू लागतात. बसमधील बहुतेक प्रवासी येथे डुलक्या घेत असतात. आपण मात्र जागे राहावे, आणि तमाडला उतरावे. सोळा हातांच्या देवीचे देवडीचे मंदिर येथून जवळच असल्यामुळे उतरणाऱ्याला सोबतही मिळते. मी उतरलो तो देवीसाठी नव्हे, हे आधीच कबूल करतो. एका शाळामास्तरांच्या शेतातील ओढ्यात सोने सापडते असे कळले होते, आणि ते सोने मला माझ्या हाताने काढून पाहायचे होते.

आपल्याला हे नवल वाटेल. त्या मुलखात ते नवल नाही. रांचीजवळ नगडी गावी उगम पावणारी, हुंडरूच्या कड्यावरून ३२० फूट खाली कोसळणारी आणि पुढे झारखंड, पश्चिम बंगाल व ओडिशा असा प्रवास करून समुद्राला मिळणारी नदी 'सुवर्णरेखा' हे नाव उगाच मिरवत नाही. तिला मिळणाऱ्या कांची, करकरी यांसारख्या नद्यांच्या वाळूतही सोन्याचे कण आहेत. शेजारच्या एका गावाचे नावच सोनाहातू आहे. मुंडारी भाषेत 'हातू' म्हणजे गाव. अर्थ सांगायला नकोच. नदीतून सोने येते ही कल्पना आपल्या देशात फार जुनी आहे. जांबूनद हा सोन्याचा प्रकार जांभळाच्या रसाने वाहणाऱ्या नदीत उपजतो असे पुराणे सांगतात, आणि कौटिल्यानेही सोन्याचे प्रकार सांगताना पहिले नाव जांबूनदाचेच घेतले आहे.

मास्तर मला घ्यायला सायकल घेऊन आले होते. ते मुंडा समाजाचे. गावच्या प्राथमिक शाळेत शिकवतात आणि उरलेल्या वेळात पाच एकर शेती पाहतात. वरची माळजमीन ती 'टांड', खालची भाताची ती 'दोन', असे त्यांनी वाटेतच मला शिकवून टाकले. टांडावर कुसुमाची झाडे आहेत व त्यांवर ते लाख घेतात. टांड आणि दोन यांच्या मधून एक ओढा वाहतो. तिकडे त्याला 'जोरिया' म्हणतात. रुंदी फार तर बारा-पंधरा हात, मार्गशीर्षात पाणी गुडघ्याच्या खाली. असा ओढा आपण हजार वेळा पाहिला असेल आणि पाय धुऊन पुढे गेला असाल.

"दादा, माझा हा रविवारचा छंद," मास्तर म्हणाले. "मायचा मात्र हा धंदा होता."

आईला तिकडे बोलताना 'माय' म्हणतात. आपल्या वऱ्हाडातला शब्द शेकडो किलोमीटर दूर असा अचानक कानी पडला, की परके घरही थोडे आपले वाटू लागते. माय सत्तरीच्या घरातली, ठेंगणी, डोळ्यांत मोतीबिंदू. नवरा तरुणपणी गेला. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतात रोपणी आणि कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत जोरियात वाळू धुणे, यांवर तिने दोन मुले वाढवली. आठवड्याच्या बाजारात येणारा व्यापारी कण मोजून पैसे देई. किती देतो याविषयी बोलण्याची सोय नव्हती, कारण गावात तराजू फक्त त्याच्याकडे होता. मास्तरांचे शाळेचे पुस्तक, पाटी, पुढे रांचीच्या वसतिगृहाचे पैसे, सारे या ओढ्यातून आले.

आता कृती सांगतो. साधन एकच, आणि ते आपल्या घरात असू शकते: काठवट. भाकरीचे पीठ मळायची असते तशीच, मात्र अधिक उथळ, एकाच लाकडातून कोरलेली. मायची काठवट शिवणीच्या लाकडाची आहे आणि चाळीस वर्षांच्या वापराने तळाशी काचेसारखी गुळगुळीत झाली आहे. पहिला प्रश्न असा, की वाळू घ्यायची कोठली? येथेच जाणता आणि अजाणता यांतला फरक कळतो. मी प्रवाहाच्या मध्यावरची स्वच्छ, पांढरी वाळू उचलायला गेलो. मायने हात धरून मला वळणाच्या आतल्या अंगाला नेले. तेथे प्रवाह मंदावतो आणि जड वस्तू खाली बसतात. मोठ्या धोंड्याच्या पाठीमागे, खडकाच्या आडव्या भेगांत, काठावरच्या गवताच्या मुळांत असलेला गाळ ती खुरप्याने खरवडून घेत होती. पुराच्या वेळी पाणी कोठे धावते आणि कोठे दम खाते, हे तिला पाठ आहे. दर पावसाळ्यात ओढा नवा गाळ आणतो, म्हणून तीच जागा दर वर्षी पुन्हा धुता येते.

गाळ काठवटीत घेऊन ती पाण्याखाली धरायची आणि बोटांनी मळायची. चिकणमाती विरघळून गेली पाहिजे, नाहीतर सोन्याचा कण तिच्याच गोळ्यात बसून वाहून जातो. मोठे खडे हाताने वेचून टाकायचे. मग काठवटीला गोल हेलकावा द्यायचा आणि एक कड किंचित झुकवायची, म्हणजे पाणी हलकी वाळू घेऊन बाहेर पडते. वाचकांतील गृहिणींना हे मी शिकवावे असे काही नाही. रोवळीत तांदूळ रोळताना खडे तळाशी राहतात आणि तांदूळ वर येतो. हे अगदी तेच आहे, फक्त येथे टाकायचे ते वर आणि ठेवायचे ते तळाशी. वाळूचा गारेचा कण पाण्याच्या अडीचपट जड, लोहचुंबकी काळी रेती पाचपट, आणि सोने एकोणीसपटीहून अधिक. हा सारा धंदा या तीन आकड्यांवर उभा आहे.

पंधरा-वीस मिनिटांनी काठवटीत चिमूटभर काळी रेती उरते. ती दिसली की सांभाळून राहायचे. थोडे पाणी घालून एकदा हळूच फिरवले, की काळ्या रेतीची शेपटी पसरते आणि तिच्या अगदी टोकाशी, दिसलाच तर, पिवळा ठिपका दिसतो.

मला दिसला. चांगला बाजरीच्या दाण्याएवढा, लखलखणारा. मी ओरडलोच. मायने काठवट घेतली, पदराची सावली तिच्यावर धरली, आणि माझे सोने नाहीसे झाले. ते अभ्रक होते. कोडरम्याच्या अभ्रकाच्या खाणी याच राज्यातल्या, हे मला शाळेपासून माहीत होते. पण लोभापुढे भूगोल आठवत नाही. सोने उन्हात जेवढे पिवळे तेवढेच सावलीत पिवळे. अभ्रक केवळ उन्हात मिरवते. दुसरा ठकवणारा खनिज म्हणजे माक्षिक. तो ठोकला तर त्याची काळी भुकटी होते. सोने ठोकले तर चपटे होते, फुटत नाही. या दोन परीक्षा लक्षात ठेवल्यात तर आपली फजिती माझ्यापेक्षा कमी होईल.

दुपारपर्यंत माझे तीन रवे झाले. रवा हा शब्द मी शोभेसाठी वापरत नाही. कण खरोखरच बारीक रव्याएवढे असतात. अर्धा मिलिमीटर लांबी, रुंदी व उंची असलेल्या कणाचे वजन जेमतेम अडीच मिलिग्रॅम भरते. जुन्या सोनारांची गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅमची, म्हणजे असे पन्नास रवे तेव्हा एक गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळ्याला ४,८०० रवे झाले. चांगल्या दिवशी मायला आठ-दहा रवे मिळत. आठ धरले तरी तोळ्याला सहाशे दिवस लागतात, आणि हिवाळ्यात असे शंभर दिवस धरले तर सहा वर्षे. प्रत्यक्षात बरेच कण पातळ पापुद्र्यासारखे असल्याने वजन आणखी कमीच भरते.

हा हिशेब एकदा कलकत्त्याच्या धनिकांनी केला असता तर बरे झाले असते. सुमारे १८९० साली तमाड भागातील सोनापेट खोऱ्यातील सोन्याच्या वार्तेने तेथे मोठी खळबळ उडाली. कंपन्या निघाल्या, भाग विकले गेले आणि थोड्याच काळात सारे कोसळले. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मॅक्लॅरेन यांनी छोटा नागपूरच्या सोन्याची शास्त्रीय पाहणी केली आणि १९०४ साली तिचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. सोने होते, खोटे नव्हते. पण ते इतके विखुरलेले, की पगारी माणसे व यंत्रे लावून ते काढणाऱ्याला परवडेना. ज्या बाईला काठवटीचे भाडे नाही आणि शेतीच्या मधल्या दिवसांत दुसरे काम नाही, तिला मात्र परवडते. तेही 'परवडते' म्हणणे कितपत योग्य, हे मी मायचे सुजलेले सांधे पाहिल्यावर ठरवू शकलो नाही.

आपल्याकडे हा धंदा अगदीच अपरिचित नाही. सोनाराच्या दुकानातील केर आणि शेगडीची राख विकत घेऊन, ती धुऊन, तीतले कण काढणारे झारेकरी महाराष्ट्रातील पेठांतून पूर्वी घरोघर ठाऊक होते. जुन्या मध्य प्रांतातील नद्यांवर सोनझरा नावाची जातच हे काम करी. झारेकऱ्याला मिळणारे सोने एकदा माणसाच्या हातून गेलेले, मायला मिळणारे कोणीच न पाहिलेले, इतकाच भेद.

एक सावधगिरीची सूचना येथेच देऊन टाकतो. काही ठिकाणी काळ्या रेतीतले सोने गोळा करण्यासाठी पारा वापरतात आणि तो चुलीवर उडवून देतात. ती वाफ मेंदूला व मूत्रपिंडांना घातक असते. पाऱ्याच्या वापराला आवर घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१७ साली अमलात आला आणि भारतानेही त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. माय पारा वापरत नाही. ओल्या बोटाच्या टोकाने रवा टिपते, पानावर ठेवते, वाळला की फुंकरीने रेती उडवते. दुसरी गोष्ट कायद्याची. ओढा आपल्या सातबाऱ्यात आहे म्हणून त्यातले सोने हवे तसे काढता येईल असे समजू नये. २०१३ साली मलबारातील जमिनींच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भूगर्भातील खनिजाची मालकी सामान्यतः जमिनीच्या मालकीबरोबर जाते असे म्हटले. तथापि मालकी निराळी आणि खणण्याची परवानगी निराळी. सोन्याचे खाणकाम १९५७च्या खाण व खनिज कायद्याखाली येते आणि वाळूचे नियम राज्य शासन करते. काठवटीपलीकडे काही मनात असेल तर आधी जिल्ह्याच्या खनिज कार्यालयात विचारावे.

वाळूचा विषय मी सहज काढला आणि घरात शांतता पसरली. जेवणे झाली होती. भात, कुळथाची आमटी, आणि माझ्यासाठी मुद्दाम केलेला धुस्का. मग मास्तरांनीच सांगितले. एक ट्रॅक्टरवाला दोनदा येऊन गेला. त्याला त्यांच्या शेतालगतची जोरियातली वाळू हवी आहे, कागदपत्रांचे तो पाहून घेईल म्हणतो. एका हंगामाचे जे पैसे तो देऊ करतो, तेवढे सोने मायने उभ्या आयुष्यात काढले नसेल. मास्तरांच्या मुलीला रांचीला परिचारिकेच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला आहे आणि पहिल्या वर्षाचे शुल्क पगारातून निघण्यासारखे नाही.

मास्तर भूगोल शिकवतात. वाळू गेली की काय होते ते त्यांना मी सांगण्याची गरज नव्हती. वाळू हीच ओढ्याची घागर. ती उपसली की पाणी खडकावरून पळून जाते आणि काठच्या विहिरी माघातच तळ दाखवतात. शेजारच्या गावी तसे झाले आहे. शिवाय ती वाळू जाईल कोठे, तर कोणाच्या तरी भिंतीच्या गिलाव्यात. आणि घरमालकाला कधी कळणारही नाही, की आपल्या भिंतीत दोन-चार रवे सोने आहे.

"तुम्ही असता तर काय केले असते?" त्यांनी मला विचारले. मी उत्तर दिले नाही. शुल्क मला भरायचे नव्हते.

माय सारे ऐकत होती. ती उठून आत गेली आणि औषधाची एक बोटभर काचेची बाटली घेऊन आली. तिच्यात तळाशी पिवळी रेघ होती. मास्तरांच्या तीन हिवाळ्यांच्या रविवारांची ती कमाई. यातून मायच्या कानांत काही करावे असा त्यांचा बेत आहे, कारण इतकी वर्षे सोने धुणाऱ्या या बाईने स्वतः कधी गुंजभरही अंगावर घातलेले नाही. तिने बाटली नातीच्या हातात दिली. नातीने ती मुकाट्याने परत फडताळात ठेवली. पुन्हा कोणी तो विषय काढला नाही, आणि थोड्या वेळाने मुलगी मला विचारू लागली, की मुंबईचा समुद्र खरोखर इतका मोठा आहे का.

आपण गेलात तर पौषाच्या आत जा. पुढे पाणी आटते आणि काठवट फिरवायला डोह शोधावा लागतो. पायांत रबरी चपला घाला, कारण खडक शेवाळलेले असतात. आणि रवा सापडला तर तो शेतमालकाचा, हे न सांगता ओळखा. माझे तीन मी पानावर ठेवून दिले. मायने ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, एक उडवून लावला, तोही अभ्रकाचाच होता, आणि उरलेले दोन बाटलीत सोडले.

गेल्या महिन्यात मास्तरांचा दूरध्वनी आला. मायच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, मुलगी वसतिगृहात राहायला गेली आहे, आणि यंदा पूर मोठा आल्याने वळणावर नवा गाळ पुष्कळ बसला आहे. ट्रॅक्टरवाल्याचे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही. शुल्क कोठून भरले, हे मलाही विचारवले नाही. "रविवारी माय स्वतः उतरली होती पाण्यात," ते म्हणाले. "आता तिला पिवळे नीट दिसते. अकरा निघाले."