पाळण्याची दोरी

जुन्या घरांत माजघराच्या तुळईला लोखंडी कड्या असायच्या. एरवी त्या रिकाम्याच. घरातली लेक बाळंतपणाला माहेरी आली, की माळ्यावरचा पाळणा खाली यायचा, तेलपाणी होऊन कड्यांना लागायचा. आमच्या आजोळचा पाळणा सागवानी होता आणि तो आमच्यापेक्षा शेजाऱ्यांकडेच जास्त असे. पाळणा विकत घ्यायची पद्धत फारशी नव्हतीच. ज्या घरात मुलं नीट वाढली, त्या घरातून तो मागून आणायचा.

पण बाळ लगेच पाळण्यात जात नसे. बारशापर्यंत ते आईच्या कुशीत, बाजेवर. बाजेखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा. खोलीला खिडकी असली तरी वारा लागेल म्हणून बंद. त्या धुराची आठवण काढून आज कुणी हळवं झालं, की मला आश्चर्य वाटतं. आमच्या मावशीला ती खोली आठवली की आधी खोकला आठवायचा. सटवाई नशीब लिहायला येते त्या रात्री मात्र घर जागं असे, आणि त्या निमित्ताने बाळंतिणीला दोन घटका निवांत झोप मिळे, हा सटवाईचा खरा उपकार.

बारशाला आधी वरवंटा पाळण्यात, मग बाळ. आत्या कानात नाव सांगायची आणि पाठीत धपाटे खायची. त्या दिवसापासून बाळाचा दिवस पाळण्यात आणि रात्र आईजवळ, अशी विभागणी. पाळण्याला लांब सुती दोरी असे. ती आजीच्या हातात असायची, नाहीतर काकूच्या पायाच्या अंगठ्याला अडकवलेली असायची आणि काकू तांदूळ निवडत बसलेली असायची. शाळेतून आलेल्या पोराला आधी दोरी धरायला बसवत, मग खायला मिळे. झोका कोण देतंय हे बाळाला कळत नसे आणि कुणाला त्याचं काही वाटतही नसे. रिकामा पाळणा हलवला तर मात्र घरभर ओरडा. पाठचं भावंड झालं, की थोरलं आपोआप आजीच्या गोधडीत सरकायचं. बाळाला झोपवायचं कुठे, हा प्रश्न असतो हेच आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

हे झालं तुळई असलेल्या घरांचं. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत जुन्या लुगड्याची झोळी बांधली जाई, तीही दिवसा. रात्री त्या जागी माणसं झोपायची. शेतावर झोळी बाभळीला किंवा लिंबाला, आणि झोका द्यायला पाच-सहा वर्षांची बहीण. तिची शाळा त्या झोळीपायी सुटली, हे कुठल्याच अंगाईत येत नाही. गिरणगावात तर याहून वाईट. कामावर जाताना तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन निजवायचं, हे मुंबईत 1920च्या दशकातल्या पाहण्यांमध्ये नोंदलेलं आहे. पुढे 1929 साली मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा झाला, 1948च्या कारखाना कायद्यात पाळणाघर आलं. आपण ज्या शांत झोपलेल्या बाळांची आठवण काढतो, त्यांतली काही अफूनेही शांत झालेली होती.

आता घरांना स्लॅब आहे आणि स्लॅबला एकच हूक, पंख्याचा. माझी लेक न्यू जर्सीत बाळंत झाली. मी बॅगेत दुपटी, कुंची आणि डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी नेली होती. लेक म्हणाली, "आई, उशी नको हं. काहीच नको आत." बाळाच्या लाकडी कठड्याच्या पलंगात घट्ट गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर आणि मध्ये उताणं बाळ. पांघरूणसुद्धा नाही. मला ते ओकंबोकं वाटलं. पण झोपेत बाळ दगावू नये म्हणून हे सगळं, असं ऐकल्यावर उशी मी मुकाट्याने बॅगेत परत ठेवली.

खरं तर बाळाला झोपवण्याच्या बाबतीत अमेरिकाही बरीच फिरून आली आहे. डॉ. स्पॉक यांच्या लाखोंनी खपलेल्या बालसंगोपनाच्या पुस्तकाच्या 1950च्या दशकापासूनच्या आवृत्त्यांनी आयांना बाळ पालथं झोपवायला सांगितलं. पुढे झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचा आणि या पालथ्या झोपेचा संबंध लक्षात आला. 1994 साली तिथे उताणं झोपवण्याची मोहीम निघाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याच्या आसपास उतरले. त्याआधीच, 1985 साली डॉ. फर्बर यांचं पुस्तक आलं, त्यातून बाळाला थोडं थोडं रडू देऊन एकट्याने झोपायला शिकवण्याची पद्धत घराघरांत गेली. आणि आता तिथल्याच बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, की निदान पहिले सहा महिने बाळ आईबापांच्या खोलीत असू द्या, फक्त त्याचा बिछाना वेगळा ठेवा. हे ऐकून माझी आजी म्हणाली असती, मग पाळणा म्हणजे काय असतो?

पाळणा गेल्याचं मला फार वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दोरी धरणाऱ्यांचं. लेकीच्या घरी मी होते तोवर तिसरे हात होते. व्हिसाची मुदत संपली आणि तेही गेले. मग पलंगावर कॅमेरा लागला. पुण्यात दुपारी जेवून मी फोन उघडते, तिथे पहाट व्हायची असते, आणि नातू करड्या पडद्यावर हातपाय हलवताना दिसतो. बघता येतं, उचलता येत नाही. शेजारी कोण राहतं हे लेकीला नीट माहीत नाही. शेजाऱ्यांनाही बहुधा बाळ भिंतीपलीकडून येणाऱ्या रडण्यापुरतंच माहीत असेल.

एक गोष्ट मात्र आमच्या वेळी नव्हती. माझे वडील ओसरीवर झोपायचे. आम्हा भावंडांतलं कोण रात्री किती रडायचं, असं विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं, आणि त्यात काही कमीपणा आहे असंही त्यांना वाटलं नसतं. जावई रात्री दोननंतरची पाळी स्वतः करतो. बाळ किती वाजता उठलं, किती दूध प्यालं, ढेकर निघाली की नाही, हे सगळं तो लिहून ठेवतो आणि सकाळी ऑफिसला जाण्याआधी त्याचा तक्ता मला पाठवतो. परवा त्यात ढेकरेचा रकाना रिकामा होता, म्हणून मी फोन केला.